उत्तरेकडच्या हॉलला कोणता रंग?

प्रश्न : आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटचा हॉल उत्तरेकडे आहे, दिवसाही अंधारा वाटतो. घरातले म्हणतात, पांढराशुभ्र रंग द्या. योग्य ठरेल का? – एक वाचक

उत्तर : पांढराशुभ्र नको. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात शुभ्र भिंत राखाडी, उदास दिसते. किंचित पिवळसर छटा घ्या: मोतिया, सायीसारखा किंवा फिकट बदामी. छत मात्र पांढरेच ठेवा, उजेड परतवण्याचे काम तेच करते.

शेडकार्डवरच्या बोटभर चौकोनावर निर्णय घेऊ नका. चारही भिंतींवर तोच रंग अधिक गडद वाटतो, कारण भिंती एकमेकींवर रंग टाकतात. म्हणून मनातल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी निवडा. दोन छटांचे लहान डबे आणून खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे, दोन हात देऊन रंगवा. सकाळी, दुपारी आणि रात्री तुमच्याच दिव्याखाली पाहा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली पिवळसर छटा फिकी पडते, ३००० च्या दिव्याखाली खुलते. हा फरक मोठा असतो.

चकचकीत फिनिश टाळा, लांबीतला (पुट्टीतला) प्रत्येक उंचसखलपणा त्यात दिसतो. आणि भिंतीला ओल असेल, तर आधी गळती काढा. पावसाळ्यानंतर भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंगाऱ्याला बोलवा. ओल्या भिंतीवर महागातला रंगही पोपडे धरतो.