मिठाच्या डोंगरातील रेडलिकिया

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली येथे विहीर खणू लागले, की काळी माती संपताच मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहत आलेला लाव्हारस थिजून हा पाषाण बनला. तप्त लाव्ह्यात सागरी प्राण्यांचे ठसे कोठून राहणार? त्यांच्यासाठी गाळाच्या खडकांकडेच वळावे लागते.

असे खडक असलेला एक प्रदेश चिखलीच्या स्वयंपाकघराला अगदीच परका नाही. उपवासाच्या पदार्थांत घालतात ते सैंधव पंजाबातील मिठाच्या डोंगरांत सापडते. हे डोंगर आज पाकिस्तानात आहेत. तेथील मिठाच्या वर असलेल्या गाळाच्या थरांत ट्रायलोबाइट वर्गातील एका प्राण्याचे जीवाश्म मिळाले. कार्ल रेडलिख या भूशास्त्रज्ञाने 1899 मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु त्याने योजिलेले वंशनाम आधीच दुसऱ्या एका प्राण्याला दिलेले निघाले. तेव्हा 1902 मध्ये कोसमान या फ्रेंच विद्वानाने रेडलिखच्याच नावावरून ‘रेडलिकिया’ असे नवे नाव ठेविले. ठेवलेले नाव गेले; ठेवणाऱ्याचे मात्र राहिले!

ट्रायलोबाइट म्हणजे त्रिखंडी. या प्राण्यांच्या पाठीवरील कवच दोन उभ्या पन्हळींनी तीन भागांत विभागलेले असे. रेडलिकियाचे डोके अर्धचंद्राकृती होते व त्याची दोन्ही टोके काट्यांसारखी मागे वळलेली होती. डोळे मोठे आणि कोरीप्रमाणे वाकडे होते. धड अनेक वलयांचे, शेपूट मात्र अगदीच लहान. सुमारे 51 कोटी वर्षांपूर्वी हा प्राणी उथळ समुद्राच्या तळाशी वावरत असे. ओढ्यातील खेकडा जुने कवच टाकून नवे धारण करतो, तसेच ट्रायलोबाइटही वाढताना पुन्हा पुन्हा कवच टाकीत. त्यामुळे एकाच प्राण्याची अनेक कवचे गाळात पुरली जात. संशोधकांच्या हाती येणारे पुष्कळसे तुकडे अशा टाकलेल्या कवचांचेच असतात.

रेडलिकिया हिमालयातील स्पितीच्या खोऱ्यात, चीनमध्ये व ऑस्ट्रेलियातही आढळला आहे. ऑस्ट्रेलियाजवळील कांगारू बेटावरील ‘रेडलिकिया रेक्स’ या जातीचे वर्णन 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. ती सुमारे 30 सेंटिमीटरपर्यंत वाढे आणि पायांवरील काट्यांनी इतर प्राण्यांची कवचे फोडी.

मिठाच्या डोंगरांविषयी एक मोठा वाद झाला, तेव्हा या मूक प्राण्याची साक्ष महत्त्वाची ठरली. रेडलिकियाचे थर मिठाच्या वर आहेत. थरांचा क्रम बिघडलेला नसेल, तर मीठ त्याच्याही आधीचे असले पाहिजे. परंतु 1940 नंतरच्या दशकात थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांना त्या मिठात पुष्कळ अलीकडच्या वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष आढळले. त्यावरून त्यांनी असे प्रतिपादिले, की मीठ अलीकडचे असून जुने थर भूकवचाच्या हालचालींमुळे त्यावर सरकून बसले आहेत. हे कण पाण्याबरोबर मागाहून झिरपले असावेत, असे विरोधकांचे म्हणणे होते. साहनींची शंका क्षुल्लक नव्हती. तिच्यामुळे प्रत्येक थर पुन्हा तपासावा लागला. आज ते मीठ सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वीचे मानले जाते. ज्या समुद्राचे पाणी आटून ते बनले, त्या समुद्रात रेडलिकिया अद्याप अवतरलाच नव्हता.