गंजलेली चेसिस आणि जीपची ओळख : भाच्यास पत्र



जुन्या मोटारीची चेसिस, म्हणजे इंजिन, ॲक्सल, स्प्रिंगा आणि बॉडी हे सारे ज्या पोलादी चौकटीवर उभे असते ती चौकट, गंजून निकामी झाली तर ती बदलता येते आणि त्यात कमीपणा वाटण्याजोगे काही नाही; परंतु चौकट बदलताना जुन्या चौकटीची ओळख गुपचूप नव्या चौकटीवर चढवणे ही अगदी निराळी गोष्ट आहे, आणि हे पत्र त्या गोष्टीसाठीच लिहिले जात आहे. ताईने फोनवर सांगितले ते खरे असेल, तर आबांच्या विलीज जीपसाठी भंगारातून फोर्डची चेसिस आणली गेली आहे आणि तिच्यावरचा क्रमांक ग्राइंडरने घासून काढून तेथे विलीजची क्रमांकपट्टी बसवून देण्याचे एका एजंटाने कबूल केले आहे. चिरंजीवाने होकार दिला की नाही हे ताईला नक्की सांगता आले नाही, आणि तेवढ्याने या मामाची झोप उडाली आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी एकाच नमुन्याच्या जीपा दोन कारखानदारांनी बनवल्या, टोलीडोच्या विलीज-ओव्हरलँडने ‘एमबी’ या नावाने आणि फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’ या नावाने. दोन्ही मिळून त्यांची संख्या सहा लाखांवर गेली, आणि रणांगणावर एकीचा भाग दुसरीला लागावा अशीच त्यांची आखणी होती. युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराने निकालात काढलेल्या मालाच्या विक्रीत, अशा जीपा भारतातल्या खाजगी मालकांकडे आल्या आणि त्यांच्यात पुढे एकीचे भाग दुसरीला लागत राहिले. तरीही जाणकाराला चौकट पाहताच ओळखू येते, कारण विलीजच्या चौकटीतला पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, तर फोर्डचा उलट्या यू आकाराच्या पन्हळीसारखा असतो. याहून महत्त्वाचा फरक क्रमांकाचा आहे. फोर्डने आपला क्रमांक डाव्या लांब दांड्याच्या माथ्यावर थेट पोलादात ठोकला, तर विलीजने तो लहानशा पट्टीवर घालून ती पट्टी पुढच्या बंपरमागे, डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला रिव्हेटने जडवली. रिव्हेट ड्रिलने काढले की विलीजची ओळख हातात येते, आणि एजंटाला हे काम सोपे वाटते ते त्यामुळेच.

सोपे आहे म्हणून ते लपेल असे मात्र नाही. पोलादावर अंक ठोकताना केवळ वरची खाच पडत नाही, तर खाचेखालच्या धातूचे कण दाबले जाऊन त्यांची रचना बरीच खोलवर बदलते. म्हणून वरचा थर घासून गुळगुळीत केला तरी ताम्रक्षार मिसळलेल्या आम्लाने तो भाग चोळल्यावर दाबला गेलेला धातू भोवतालच्या धातूहून निराळा झिजतो आणि पुसलेले अंक अनेकदा पुन्हा दिसू लागतात. मुंबईत कालिन्याला आहे तशा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांना ही रीत जुनीच आहे. अशा तपासणीत जो क्रमांक वर येईल तो कोणाचा असेल, हे चिरंजीवाला ठाऊक आहे काय? ती चौकट एखाद्या चोरीच्या जीपची असू शकते, किंवा तिचे आरसी बुक आजही दुसऱ्या एखाद्या कुटुंबाच्या कपाटात असू शकते, आणि तसे निघाल्यास आबांच्या नावाची जीप पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहील.

कायद्याचे म्हणणेही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा फेरफार मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. कलम ५५ नुसार वाहनावरचा चेसिस किंवा इंजिन क्रमांक प्रमाणपत्रातील क्रमांकाशी जुळत नसेल, तर मालकाचे म्हणणे ऐकून घेऊन नोंदणी रद्द होते. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड सांगितला आहे. येथे कोणी म्हणेल की पट्टी बदलल्यावर क्रमांक तर जुळेलच. जुळेल, पण तो खोटेपणाने जुळेल, आणि कागद बिनचूक दिसावा म्हणून केलेल्या खोटेपणाला फेरफाराहून कठोर नाव आहे. आबांच्या घरातल्या मुलाला हे कोणी समजावून सांगावे लागावे, याचे मामाला फार वाईट वाटले.

चिरंजीवाचा युक्तिवाद ताईकडून कळला आहे, तो असा की पट्टी मूळची, इंजिन मूळचे, मग चौकट कोठली याने काय बिघडते. हाच प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला होता. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स मोटार १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे भाग इतके बदलले गेले की जिंकलेल्या मोटारीचे फारच थोडे उरले, आणि एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरल्यावर खरेदीदाराने ही ती मोटारच नव्हे असा वाद घातला. न्यायमूर्ती ऑटन यांनी तो वाद फेटाळला, कारण भाग बदलत गेले तरी ती मोटार एकच मोटार म्हणून अखंड अस्तित्वात राहिली होती आणि तिच्यातला प्रत्येक बदल तिच्या ज्ञात इतिहासाचाच भाग झाला होता. चिरंजीवाने या निकालाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. चौकट बदलल्याने जीपची ओळख जात नाही. ती जाते बदल लपवल्याने, कारण लपवलेल्या क्षणापासून पुढचा इतिहास कोणालाच विश्वासाने सांगता येत नाही.

मुळात चौकट बदलण्याची वेळ खरोखर आली आहे का, हेही अजून ठरलेले दिसत नाही. समुद्रकाठच्या हवेतील क्षार ओलावा धरून ठेवतात, दांड्याला जेथे आतून जोडपत्रा लावून पेटीसारखा बंद भाग केलेला असतो तेथे चिखल साचून पाणी वाळत नाही, आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे तो फुगून जोड उसवतो. आबांची जीप मालवणच्या पडवीत इतके पावसाळे उभी होती, तेव्हा तिचे असे झाले असणारच. पण असा गंज बहुधा स्प्रिंगांच्या कड्यांपाशी आणि मागच्या आडव्या दांड्यात एकवटतो आणि बाकीचे पोलाद टणक राहते. बॉडी उतरवून, वाळूचा मारा करून, हातोडीने ठोकून आणि पत्र्याची जाडी मोजून पाहावी; जेवढे कुजले असेल तेवढेच कापून त्याच जाडीचा पत्रा चांगल्या वेल्डरकडून बसवावा, आणि वेल्डिंगआधी व नंतर दोन्ही कर्ण मोजावेत, म्हणजे चौकट पिळली गेली आहे की नाही ते कळेल. हे काम वेळ खाते आणि एजंटाला त्यात काही सुटत नाही.

व्हिंटेज नोंदणीचा मोह हेही या घाईचे एक कारण असावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, तिचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे; परंतु त्याच नियमांनी वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट घातली आहे. म्हणजे ज्या सन्मानासाठी ही खटपट चालली आहे, त्याची अटच या खटपटीने मोडते. डागडुजी केलेल्या मूळ चौकटीला तो सन्मान मागता येईल, आणि चौकट बदलावीच लागली तर परिवहन कार्यालयाला आधी लेखी कळवून, दुसऱ्या चौकटीची पावती व तिचा स्वतःचा क्रमांक दाखवून, कार्यालय जे सांगेल ते मान्य करावे. साध्या नोंदणीची का होईना, पण खरी जीप घरात राहील.

येथे मामाला आपल्या तरुणपणाची आठवण आल्यावाचून राहत नाही. आबा रविवारी जीपखाली चटई टाकून ग्रीस भरत आणि तिच्याविषयी बोलत असत, तेव्हा मामाला ती फक्त चालवायची होती. आबांनी ती कोणाकडून घेतली, इंजिन कधी उघडले, कोणता भाग कोठून आणला, यातले काही विचारावेसे वाटले नाही, आणि पुढे विचारायला आबा राहिले नाहीत. चिरंजीवाने मात्र वयाच्या पंचविशीत, पगारातले पैसे बाजूला टाकून, त्या जीपला हात लावला. ताईला ही हौस वाटते, मामाला तसे वाटत नाही. घरात हे कोणालाच सुचले नव्हते, आणि इतका जीव लावणाऱ्या मुलाकडून आबांच्या जीपला खोटेपणा लागू नये, एवढ्याचसाठी हे रागावणे आहे.

म्हणून चिरंजीवाने एजंटाला आजच नकार कळवावा, फोर्डच्या चौकटीवरचा क्रमांक आहे तसा राहू द्यावा आणि तिची पावती जपावी. एजंटाला आगाऊ रक्कम दिली असल्यास ती बुडाली तरी चालेल; ती आणि वेल्डरचा खर्च मामा देईल, आणि ताईला त्याबद्दल काही सांगण्याचे कारण नाही. चिरंजीवाने या पत्राचा राग न धरता एक फोन करावा. रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल.