मे महिन्यातला ताजा रंग

निवृत्तीनंतर पावसाळा लोणावळ्याला काढायचा, हा मुंबईकरांचा जुना बेत. मात्र घर बघितलं जातं मे महिन्यात, कोरड्या उन्हात, आणि फसगत तिथेच होते.

दादरच्या एका जोडप्याला लोणावळ्यातल्या वलवणमध्ये हेच भोगावं लागलं. ते बँकेतून निवृत्त, त्या शाळेतून. धरणापासून जवळच बंगल्याचा तळमजला, दारात आंबा, भिंतींना नुकताच दिलेला पांढरा रंग. "गळती-बिळती काही नाही काका, बिनधास्त या," मालक म्हणाला. करारनाम्याचं विचारलं, तर "तुम्ही घरचेच, कागद कशाला?" अनामत रक्कम मात्र त्याने दोनदा मोजून घेतली.

इथला पाऊस मुंबईचा नव्हे. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. याच पावसाचं पाणी अडवून टाटांनी १९१५ साली खोपोलीत वीज काढायला सुरुवात केली. असा पाऊस म्हटल्यावर मिठाला पाणी सुटणं, कपडे न वाळणं, वीज जाणं हे दोघांनी धरूनच ठेवलं होतं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच.

जुलैत पलंगामागची भिंत फुगली. काकांनी पोपडा उचलला. आत काळपट डाग, त्यावर रंग. त्या रंगाखाली आणखी जुना डाग, आणखी जुना रंग. दर उन्हाळ्यात ओल रंगाखाली दडवून घर भाड्याने दिलं जात होतं, हे त्या क्षणी उघड झालं. काकूंना दमा. त्या रात्ररात्र उशीला टेकून बसून काढत होत्या, आणि मालक फोनवर सांगत होता, "पावसाळा आहे, भिंत ओली होणारच." घर सोडताना त्याच माणसाने त्याच भिंतीसाठी सगळी अनामत अडवली. कारण काय, तर यांनी खिडक्या उघड्या ठेवल्या!

म्हणून घर बघायचं ते आदल्या ऑगस्टमध्ये. ते जमत नसेल, तर भिंतीतलं कपाट उघडून वास घ्यावा, पलंग सरकवून मागे बघावं, गच्चीवर चढावं. एकच भिंत नवी रंगवलेली दिसली, तर ती का रंगवली हे शेजाऱ्याला विचारावं. पहिल्याच दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. कपडे वाळवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातून सुटणारा विषारी वायू जीव घेतो. औषधं जास्तीची ठेवावीत. डॉक्टरकडे जायचं ते सोमवार ते गुरुवार, कारण शनिवार-रविवारी गाडी रस्त्यातच अडकते. नातवंडं आली की त्यांना वाहत्या पाण्यात सोडू नये. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले.

आणि करार नोंदवूनच घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं सिद्ध करावं लागतं मालकाला. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम ब्रोकर कधीच सांगत नाहीत.

काकांनी वकिलामार्फत याच कलमाचा आधार घेऊन नोटीस पाठवली आहे. मालकाचं उत्तर अजून आलेलं नाही. त्या बंगल्याच्या भिंतींना पुन्हा पांढरा रंग लागला आहे.