आज्ञावलीचा परीक्षक आणि त्याची देखभाल

संगणकाची आज्ञावली चालवून पाहिली म्हणजे तिच्यातील दोष उघड होतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु ती मुळीच न चालवता, केवळ तिचा मजकूर वाचून तिच्यातील उणिवा दाखविणारी साधनेही असतात. या पद्धतीस स्थिर विश्लेषण असे म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास सी या भाषेसाठी असे एक साधन रचले व त्यास ‘लिंट’ हे नाव दिले. लिंट म्हणजे कापडास चिकटलेले बारीक तंतू. हॅस्केल या भाषेसाठी नील मिचेल यांनी निर्माण केलेले ‘एचलिंट’ हे साधन त्याच नावाची परंपरा पुढे चालविते.

हॅस्केल ही फलनप्रधान भाषा होय. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव धारण करणाऱ्या या भाषेचे पहिले अधिकृत वर्णन १९९० साली प्रसिद्ध झाले. तिच्यात गणितातील समीकरणाप्रमाणे एका पदावलीच्या जागी तिच्या तुल्य अशी दुसरी ठेवता येते. एचलिंटचे कार्य याच गुणावर आधारलेले आहे. त्याचे बहुतेक नियम म्हणजे समीकरणेच होत : डाव्या बाजूस लेखकाने लिहिलेला आकार, उजव्या बाजूस सुचविलेला सुटसुटीत आकार. हे नियम एका स्वतंत्र सूचीत असल्यामुळे साधनाची अंतर्रचना न जाणणाऱ्यासही नवा नियम सुचविता येतो.

तथापि ‘तुल्य’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. यादी रिकामी आहे काय हे पाहण्यासाठी पुष्कळ जण तिची लांबी मोजतात व ती शून्याशी ताडून पाहतात. त्याऐवजी ‘नल’ हे फलन वापरावे, अशी सूचना एचलिंट करते. सामान्य यादीसाठी दोहोंचे उत्तर एकच येते. परंतु हॅस्केलमध्ये गरज पडेल तेवढाच भाग गणला जात असल्याने अनंत यादीही लिहिता येते. तिची लांबी मोजणे कधीच संपणार नाही. ‘नल’ मात्र पहिला घटक पाहताच उत्तर देते. येथे बदल हिताचा आहे, पण तो बदल आहे खरा, म्हणून नियमापुढे तशी टीप जोडलेली असते. प्रत्येक नियमाविषयी असा विचार करणे हा देखभालीचा सर्वांत नाजूक भाग होय. त्यासाठी नमुना-वाक्ये जतन केलेली असतात. काहींवर सूचना यावी, आणि काहींवर ती कदापि येऊ नये, हे त्यांच्या आधारे पुनःपुन्हा तपासले जाते.

परीक्षकास प्रथम भाषा वाचता आली पाहिजे. मजकुराचा पदच्छेद करणाऱ्या भागास पार्सर म्हणतात. एचलिंट पूर्वी एक स्वतंत्र पार्सर वापरीत असे. पण हॅस्केलचा प्रमुख अनुवादक ‘जीएचसी’ हा नवनवे वाक्यप्रकार स्वीकारीत गेला आणि स्वतंत्र पार्सर मागे पडला. अपरिचित वाक्य आले की ती संपूर्ण फाइलच परीक्षणाबाहेर राही. अखेर २०२० मधील ३.० या आवृत्तीत एचलिंटने जीएचसीचाच पार्सर स्वीकारला. त्यासाठी तो अनुवादकापासून वेगळा काढून ग्रंथालयाच्या रूपात मिळू लागला होता. एक अडचण मिटली, दुसरी उभी राहिली. अनुवादकाच्या नव्या आवृत्तीबरोबर पार्सरच्या अंतर्गत रचना बदलतात आणि त्यांवर विसंबलेले साधन त्या त्या वेळी दुरुस्त करावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे व बाहेरून ते कोणास दिसत नाही. पण ते थांबले तर साधन थोड्याच काळात निरुपयोगी होईल.

कधी कधी तर साधनात काहीही न बदलता त्याचा योग्य नियम अयोग्य ठरतो. ‘क्ष घेऊन त्यावर फ लावणारे फलन’ म्हणजे ‘फ’च, म्हणून मधले वेष्टन काढावे, असा एक जुना नियम आहे. २०२१ मध्ये आलेल्या जीएचसी ९.० ने प्रकारांचे काही नियम कडक केले. एखादे फलन कोणत्याही प्रकारच्या मूल्यावर चालले पाहिजे अशी अट असे, अशा काही प्रसंगी पूर्वी अनुवादक स्वतःच गुपचूप वेष्टन घालीत असे. त्यामुळे क्वचित आज्ञावलीचा अर्थ बदले, म्हणून ती सोय काढून घेण्यात आली. आता ते वेष्टन लेखकास स्वतः लिहावे लागे. एचलिंट ते काढावयास सांगे. आणि ते काढले की अनुवादक आज्ञावली नाकारी!

दोष कोणाचा म्हणावा? एचलिंट मजकुराची केवळ रचना पाहते. मूल्यांचे प्रकार त्यास ठाऊक नसतात. प्रकार जाणावयाचे तर संपूर्ण आज्ञावलीचे, तिने वापरलेल्या ग्रंथालयांसह, अनुवादन करावे लागेल, आणि मग एकटी फाइल क्षणात तपासण्याचा त्याचा मोठा गुण नाहीसा होईल. नियम सर्वस्वी काढून टाकावा, तर असंख्य ठिकाणची उपयुक्त सूचना हरपते. २०२२ मध्ये जीएचसी ९.२.४ ने जुनी सोय इच्छेनुसार चालू करण्याची मुभा दिली, त्यामुळे जुन्या आज्ञावल्यांची अडचण बरीच कमी झाली. जेथे ती मुभा घ्यावयाची नसेल, तेथे त्या फलनापुरती सूचना बंद ठेवण्याचा आदेश लेखक आज्ञावलीतच लिहून ठेवू शकतो.