लहान विमानाची वार्षिक तपासणी व तीस लागणारा वेळ

आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे. त्यामुळे मडके पारखण्याची रीत कुंभार पिंपळगावातील लहान मुलासही ठाऊक असते. उन्हाळ्याच्या तोंडी माठ विकत घेताना गृहिणी त्यावर टिचकी मारून पाहते. आवाज खणखणीत आला तर माठ घरी येतो. बद्द आला तर डोळ्यांस न दिसणारी चीर कोठे तरी आहे असे समजून तो परत ठेविला जातो. ह्या परीक्षेस निमिषभरच लागते. आता जिच्यात बसून माणसे भूमीपासून हजारो फूट उंच जातात, ती वस्तू पारखण्यास किती वेळ लागत असेल? प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

येथे आम्हांस मोठी प्रवासी विमाने अभिप्रेत नाहीत. दोन किंवा चार माणसे बसतील, पुढे एक इंजिन व एक पंखा असेल, अशा लहान विमानाविषयीच आम्ही बोलत आहोत. बारामतीसारख्या ठिकाणी वैमानिकीचे शिक्षण घेणारी मुले सेसना जातीच्या ज्या विमानांत बसतात, ती ह्याच वर्गातील. आपल्या प्रांतात अशा विमानांची परंपरा जुनी आहे. मुंबईस जुहू येथे १९२८ साली विमानतळ झाले, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा हे कराचीहून टपाल घेऊन, वाटेत अहमदाबादेस थांबून, एक इंजिनाच्या पस मॉथ विमानाने तेथेच उतरले. पुढे पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथ नावाच्या विमानातून पुन्हा केला. लेपर्ड मॉथ विमाने १९३० नंतरच्या दशकात तयार होत असत. म्हणजे ते यंत्र तेव्हा जवळजवळ अर्धशतकाचे झाले होते. इतके जुने यंत्र सुखरूप उडते ते केवळ भाग्याने नव्हे. वर्षानुवर्षे कोणी तरी ते उघडून, पाहून, पुसून पुन्हा बंद केलेले असते.

हे उघडून पाहणे कोणाच्या मर्जीवर सोडिलेले नाही. आपल्या देशात नागरी विमान वाहतुकीचे महासंचालनालय प्रत्येक विमानास उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र देते, आणि ते विमान अद्याप योग्य आहे की नाही ह्याचा आढावा दर वर्षी घ्यावा लागतो. ह्याखेरीज पन्नास तास उडाले, शंभर तास उडाले, अशा हिशेबानेही निरनिराळ्या तपासण्या होतात. अमेरिकेतही बारा महिन्यांतून एकदा संपूर्ण तपासणी सक्तीची आहे. तेथील नियमांत काय काय पाहावे ह्याची लांबलचक यादी दिली आहे. परंतु किती तासांत पाहावे हे मात्र कोठेही लिहिलेले नाही. ह्याचे मर्म पुढे कळून येईल.

कामाचा आरंभ हत्यारांनी होत नाही. तो कागदांनी होतो. विमान किती तास उडाले, कोणता भाग केव्हा बदलला, हे सारे त्याच्या नोंदवहीत असते. त्या जातीच्या विमानांत पूर्वी कोठे दोष आढळून सरकारी आदेश निघाले असतील, तर तेही एकेक ताडून पाहावे लागतात. एकच उदाहरण घ्या. सेसना विमानात वैमानिकाचे आसन रुळांवर पुढेमागे सरकते व एक लहानशी खीळ रुळाच्या भोकात बसून ते जागच्या जागी धरते. वर्षानुवर्षांच्या वापराने भोक झिजून मोठे होते. मग विमान नाक वर करून उडू लागताच खीळ निसटून आसन एकदम मागे जाते. घाबरलेला वैमानिक हातातील चक्रास धरून राहतो, चक्र मागे ओढले जाते, विमानाचे नाक भलतेच वर होते, आणि पंखांचा आधार सुटून ते कोसळते. असे अपघात घडल्यामुळे १९८७ साली अमेरिकेच्या विमान खात्याने ते रूळ, ती भोके व त्या खिळा ठराविक मुदतीने मोजून पाहण्याचा हुकूम काढिला. खीळ बोटाच्या पेरापेक्षा मोठी नसते. परंतु तिच्यावर माणसांचा जीव टांगलेला असतो.

कागद पाहून झाले म्हणजे इंजिन चालवून त्याची उष्णता, तेलाचा दाब वगैरे टिपून घेतात. मग विमान धुऊन त्याची झाकणे काढावयाची. पंखांखाली, शेपटीजवळ, आसनांखाली लहानमोठी अनेक झाकणे असतात. ती उघडल्यावाचून आतील काहीच दिसत नाही. केवळ उघडणे आणि शेवटी पुन्हा लावणे ह्यातच बराच वेळ जातो.

इंजिनाची परीक्षा विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक समजून घ्यावी, कारण तीत पदार्थविज्ञानाचा एक सुंदर धडा आहे. दट्ट्या सिलिंडरच्या माथ्याशी आणून, पंखा घट्ट धरून, आत दर चौरस इंचास ८० पौंड दाबाची हवा सोडतात. दुसऱ्या मापकावर किती दाब टिकला ते दिसते. थोडी हवा गळावयाचीच. परंतु फार गळत असेल तर ती कोठून जाते हे कान देऊन ऐकावयाचे. धुराड्याच्या नळीतून फुसफुस आली तर धूर बाहेर सोडणारी झडप नीट बसत नाही. हवा आत घेण्याच्या बाजूने आली तर तिकडील झडप सदोष. आणि तेल ओतण्याच्या तोंडातून आली तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या. कुंभाराच्या टिचकीची ही थोरली बहीणच म्हणावयाची! टिचकीही विमानविद्येने टाकिलेली नाही. तंतू व राळ ह्यांच्या थरांनी केलेल्या भागांवर आजही नाण्याने ठोकून पाहतात. थर सुटले असतील तेथे आवाज बद्द येतो.

ह्याच वेळी जुने तेल काढून टाकितात व तेलगाळणी कापून तिच्या घड्या उलगडून पाहतात. तीत धातूचे चकाकणारे कण सापडले तर इंजिनाच्या पोटात काही तरी झिजत आहे असे समजावे. प्रत्येक सिलिंडरला दोन ह्याप्रमाणे चार सिलिंडरांचे आठ स्पार्क प्लग काढून, स्वच्छ करून, त्यांतील अंतर मोजावयाचे. सुकाणू हलविणाऱ्या पोलादी दोरांवरून फडके फिरवावयाचे; एखादी तार तुटलेली असेल तर फडके तेथे अडकते. चाके, गतिरोधक, बिजागऱ्या, गंज, तडे ही सर्व पाहावयाची. उंदीर व कुंभारमाशा ह्यांनी कोठे घर केले आहे काय हेही शोधावयाचे. ही थट्टा नव्हे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन गणराज्यातून निघालेले एक मोठे विमान समुद्रात पडून १८९ माणसे मेली. वेग मोजणारी नळी बहुधा माशीच्या घरट्याने बुजली होती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चाके आत न ओढणारे, साधे, चार माणसांचे विमान असेल, नोंदवह्या नीटनेटक्या असतील व कामगार त्या जातीच्या विमानाशी परिचित असेल, तर केवळ पाहण्याच्या कामास साधारणपणे पंधरा ते पंचवीस तास लागतात. म्हणजे एका माणसाचे दोन-तीन दिवसांचे काम. चाके आत ओढली जाणारे विमान असल्यास ते उचलून धरून चाकांची हालचाल तपासावी लागते, म्हणून वेळ वाढतो. जे विमान महिनोन्महिने उभेच होते, त्यास फार उडालेल्या विमानापेक्षाही अधिक वेळ लागू शकतो. कारण न वापरलेल्या लोखंडास गंज सोडीत नाही. परंतु हे सारे झाले तपासणीचे. तपासणीत जे सापडेल त्याच्या दुरुस्तीस किती वेळ लागेल हे आधी कोणासही सांगता येत नाही. एखादा तडा निघाला, सुटा भाग परदेशाहून मागवावा लागला, म्हणजे दोन दिवसांचे दोन महिनेही होतात.

आमच्या गोदाकाठच्या ऊसपट्ट्यातील पालकांस ह्यात नवल वाटणार नाही. गाळपाचा हंगाम संपला म्हणजे साखर कारखान्याची यंत्रे उघडली जातात, आणि उघडल्यावाचून कोणता भाग किती झिजला हे कोणीच सांगू शकत नाही. फरक इतकाच की चरक मध्येच अडला तर ऊस खोळंबतो. विमान मध्येच अडले तर थांबावयास आकाशात जागा नसते.

खरी कसोटी येथेच लागते. धनी विचारतो, "रविवारपर्यंत विमान द्याल ना?" विद्यार्थी वैमानिक खोळंबलेले असतात, पैसा अडकलेला असतो, आणि एकच झाकण उघडावयाचे राहिलेले असते. ते न उघडता सही केली तर त्या दिवशी कोणासच कळणार नाही. म्हणूनच परवानाधारक अभियंत्याच्या सहीस मोल आहे. सुकाणूचा दोर वा जोड सोडविला असेल तर दुसऱ्या अधिकृत माणसाने तो स्वतंत्रपणे पुन्हा पाहून आपली सही करावयाची, असा दंडक आहे. कारण मनुष्याचे डोळे आपलीच चूक सहज पाहत नाहीत. शेवटी हत्यारेही मोजून घेतात. आत विसरलेला एक पाना सुकाणू अडवावयास पुरेसा असतो.

ह्या विद्येची ज्यांस आवड असेल त्यांनी बारावीपर्यंत गणित, पदार्थविज्ञान व रसायन हे विषय मन लावून करावे. विमान देखभालीच्या अभियंत्याचा परवाना मिळविण्याची वाट त्यांतूनच जाते. ज्यांस ती वाट धरावयाची नसेल त्यांसही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. उत्तरपत्रिका देण्यापूर्वी पाच मिनिटे उरली असता आपण ती पुन्हा वाचतो, की केवळ पाने उलटतो? पाने उलटण्यास किती वेळ लागतो हे घड्याळ सांगू शकते; चूक शोधण्यास किती लागेल हे ती सापडेपर्यंत सांगता येत नाही. म्हणून किती वेळ लागतो ह्या प्रश्नास जाणत्या कारागिराचे उत्तर एकच असते: पाहण्यास तीन दिवस धरा, जे सापडेल ते पाहून मग पुढचे सांगतो.