पावसाळ्यातले मोल्डिंग

प्रश्न : मिरजोळे एमआयडीसीत आमचे छोटे इंजेक्शन मोल्डिंग युनिट आहे. पाऊस सुरू झाला की नायलॉनच्या मालावर रुपेरी रेघा उमटतात. बॅरलचे तापमान वाढवू का?

उत्तर : मुळीच नको, दुखणे वाढेल. दोष दाण्यांतल्या ओलाव्याचा आहे. नायलॉन हवेतले पाणी शोषते. बॅरलमध्ये त्याची वाफ होऊन रेघा उठतात, शिवाय रेणूंच्या साखळ्या तुटून माल ठिसूळ होतो. जवळच रनपारला फिनोलेक्स बनवते ते पीव्हीसी किंवा तुमचे पीपी ओलावा फारसा धरत नाही, म्हणून तिथली सवय इथे चालत नाही.

दाणे साधारण 80 अंशांना 4 ते 6 तास वाळवा. फार तापवले तर पिवळे पडतात. साधा हॉट एअर ड्रायर कोकणातली दमट हवाच ओढतो, त्यामुळे जुलैत तो जवळजवळ निरुपयोगी. डीह्युमिडिफाइंग ड्रायर रिजेक्शनपेक्षा स्वस्त पडेल. हॉपरमध्ये तासाभराचाच माल भरा, झाकण लावा. रिग्राइंडही वाळवूनच मिसळा.

साच्याला घाम येत असेल, तर चिलरचे पाणी जास्त थंड आहे. ते 30 अंशांवर न्या. नायलॉनला साचा गरमच लागतो.