टोळीची बाधा : कारणे, लक्षणे आणि प्रतिबंध

मुलाला ताप आला, खोकला झाला की आई त्याला लगेच दवाखान्यात आणते. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला टोळीची संगत लागली, तर ते दुखणे सांगायचे कुणाला? बहुतेक पालक लाजेने गप्प बसतात आणि पोलीस दारात उभे राहिले की मग धावपळ सुरू होते. तोपर्यंत दुखणे बरेच पुढे गेलेले असते.

हा विषय आरोग्याच्या सदरात कसा, असे काही वाचकांना वाटेल. १९९६ साली जागतिक आरोग्य सभेने हिंसाचार हा जगातील सार्वजनिक आरोग्याचा एक प्रमुख प्रश्न असल्याचा ठराव केला. हिंसाचारही साथीसारखा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्याची कारणे शोधता येतात, लक्षणे ओळखता येतात आणि वेळीच हालचाल केली तर तो टाळताही येतो.

पुण्यात २०२२-२३ मध्ये 'कोयता गँग' हे नाव वर्तमानपत्रांत वारंवार येऊ लागले. भररस्त्यात कोयते नाचवायचे, उभी वाहने फोडायची, दुकानदाराला दमदाटी करायची, अशा या घटना. त्यांतील कित्येक मुले अठरा वर्षांखालची होती. नाव एक असले तरी ती एकच मोठी टोळी नव्हती. गल्लोगल्लीची लहान लहान टोळकी होती. कोयता तर खेड्यापाड्यांत घरोघरी असतो. तेव्हा 'हे सगळे शहरात चालते' असे म्हणून तालुक्याच्या गावातील पालकांनी निश्चिंत राहू नये.

मुले टोळीत का जातात?

फ्रेडरिक थ्रॅशर या अमेरिकन अभ्यासकाने शिकागो शहरातील १३१३ टोळ्यांचा अभ्यास करून १९२७ साली ग्रंथ लिहिला. त्याला असे दिसले की, पोरे आधी नुसती खेळायला, हुंदडायला एकत्र येतात. मग दुसऱ्या गटाशी भांडण होते आणि त्या भांडणातून टोळी घट्ट होते. आपल्याकडेही नाक्यावर बसणारी पोरे एखाद्या मारामारीनंतरच 'आपला ग्रुप, त्यांचा ग्रुप' असे बोलू लागतात.

दुसरे कारण मेंदूच्या वाढीचे आहे. परिणामांचा विचार करून हात आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची विशी ओलांडावी लागते. कौतुकाची आणि थराराची ओढ मात्र कुमारवयातच जोर धरते. २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी मुलांना व प्रौढांना पडद्यावरचा मोटार चालवण्याचा खेळ खेळायला दिला. मित्र बघत असताना कुमारवयीन मुलांनी एकट्याने खेळताना घेतला त्याहून कितीतरी जास्त धोका पत्करला. प्रौढांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. एरवी साधा असणारा मुलगा चारचौघांत असे कसे वागला, या आईच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथे आहे. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपल्या शेतकऱ्यांना उगीच सुचली नाही.

तिसरे कारण घरातले. नापास झालेला, शाळा सुटलेला, घरी मार खाणारा किंवा ज्याच्याशी कुणी धड बोलतच नाही असा मुलगा मान शोधत असतो. घरात तो 'नालायक' असतो आणि नाक्यावर 'भाऊ'. वाढदिवसाला तिथे केक येतो, फोटो मोबाईलवर फिरतो, भांडणात पाठीशी दहाजण उभे राहतात. सुस्थितीतील घरांतही हे घडते, कारण पैसा असला म्हणजे विचारपूस असतेच असे नाही.

लक्षणे कोणती?

१. शाळा-कॉलेज बुडवणे, जुने मित्र अचानक तुटणे आणि वयाने बऱ्याच मोठ्या मुलांत वावर.
२. हिशेब न लागणारे पैसे, नवा मोबाईल, दुसऱ्याची मोटारसायकल.
३. अंगावर वारंवार जखमा आणि त्यांची न पटणारी कारणे.
४. दप्तरात, गादीखाली किंवा गाडीच्या डिकीत हत्यार. मोबाईलवर हत्यारासह फोटो.
५. दारू, गांजा किंवा 'बटण' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या.
६. रात्री उशिरा येणे, झोप न लागणे, ठरावीक गल्लीतून जायला घाबरणे.

यातील एखादेच लक्षण दिसले म्हणून मुलावर शिक्का मारू नये. केसांची ठेवण किंवा कपडे हे तर लक्षणच नव्हे. मात्र दोन-तीन गोष्टी थोड्या दिवसांत एकत्र दिसल्या तर दुर्लक्ष करू नये.

काय करू नये?

मारझोड करू नये आणि रागाच्या भरात घराबाहेर काढू नये. घराचे दार बंद झाले की टोळीचे दार उघडेच असते. 'एकदा कोठडीची हवा खाऊ दे, सुधारेल' हा सल्लाही चुकीचा आहे. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवण्याचे कार्यक्रम झाले. त्यांची शास्त्रीय तपासणी केल्यावर दिसले की, नेलेल्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा पुढे अधिकच गुन्हे केले.

काय करावे?

दिवसातून एकदा तरी मुलाबरोबर जेवावे आणि त्या वेळी उपदेश करू नये. तो कुठे जातो, कुणाबरोबर जातो हे चौकशीच्या सुरात न विचारता माहीत करून घ्यावे. त्याच्या मित्रांना घरी बोलवावे. नापास मुलाला मोकळे बसू देऊ नये. फेरपरीक्षा, आयटीआय, गॅरेजमधले काम, तालीम, कबड्डीचा संघ, जे त्याला रुचेल तिथे त्याचा दिवस भरावा. बापाचे ऐकत नसेल तर ज्याचा शब्द तो मानतो असा मामा, काका किंवा शिक्षक मध्ये घालावा. व्यसन असेल तर ते आजार समजून उपचार करावेत.

मुलगा जखमी झाला तर जखम लपवू नये. वार झालेल्या जागी स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे, रुतलेले हत्यार उपसू नये आणि १०८ ला फोन करावा. बाहेरून लहान दिसणाऱ्या जखमेत आत शीर किंवा आतडे कापलेले असू शकते. पोलीस केस होईल या भीतीने टाळाटाळ नको. आधी उपचार, मग सोपस्कार, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. खाटेवर पडलेला मुलगा घाबरलेला असतो आणि बाहेर मित्र 'बदला घेऊ' म्हणत असतात. त्या रात्री जवळचे, समजूतदार माणूस त्याच्याशेजारी बसले पाहिजे. तेव्हा झालेले बोलणे पुढचा वार टाळू शकते.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर चाकूहल्ल्यांसाठी बदनाम होते. तेथील पोलिसांनी २००५ साली हिंसाचाराकडे आजार म्हणून पाहणारा विभाग सुरू केला. २००८ मध्ये टोळ्यांतील मुलांना न्यायालयात एकत्र बोलावले. शिक्षेची जाणीव दिली आणि त्याच बैठकीत शिक्षण, काम आणि मदतीची वाटही दाखवली. डॉक्टर शाळांत जाऊन जखमांविषयी बोलू लागले. पुढील काही वर्षांत स्कॉटलंडमधील खुनांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. श्रेय एकट्या या उपायाचे नसेल, पण धाकाबरोबर आधार दिला की मुले परततात, हे तिथे दिसले.

शेवटी कायद्याविषयी. 'तू लहान आहेस, तुला काही होत नाही' असे सांगून मोठे गुंड मुलांना पुढे करतात. हे खोटे आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने खुनासारखा गुन्हा केल्यास, मंडळाच्या तपासणीनंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला त्याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. दोन्ही गोष्टी मुलांना समजावून सांगाव्यात.

वरील लक्षणे घरात दिसत असतील तर आपल्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत. फोन करायला पैसे लागत नाहीत. आणि आज रात्री मुलगा उशिरा आला तरी त्याचे ताट झाकून ठेवा.